हृदयाला मानवेल आणि पृथ्वीला पेलवेल असा आहार: टप्प्याटप्प्याने कसा आणावा

हृदयासाठी आणि पर्यावरणासाठी आहार बदलायचा म्हटला की आधी वर्ज्य पदार्थांची यादी तयार होते. यादी करायला सोपी असते, पण एखादा पदार्थ ताटातून काढल्यावर त्याच्या जागी काय येते यावरच बहुतांश परिणाम अवलंबून असतो, आणि नेमका हाच भाग अशा याद्यांतून निसटतो. लोणी बंद करून त्या जागी मैद्याची बिस्किटे वाढवली तर रक्तवाहिन्यांना फारसा लाभ होत नाही; मांस सोडून चीज दुप्पट केले तर त्या ताटामागचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन अपेक्षेइतके घटत नाही. म्हणून पुढची प्रत्येक पायरी ‘काय सोडावे’ अशी न मांडता ‘कशाच्या जागी काय घ्यावे’ अशी मांडली आहे.

दोन उद्दिष्टे कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे जगात सुमारे १ कोटी ७९ लाख लोक दगावले. एकूण मृत्यूंमध्ये हा वाटा ३२ टक्के होता. दुसरीकडे, शेतीपासून स्वयंपाकघरातील कचऱ्यापर्यंतची सगळी साखळी धरली, तर मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी जवळपास एक तृतीयांश वायू अन्नव्यवस्थेतून बाहेर पडतात.

या दोन्ही प्रश्नांचा एक समान धागा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात सापडतो. गाईगुरे, शेळ्या आणि मेंढ्या यांच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्या क्रियेत मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो. त्याच कप्प्यातले सूक्ष्मजीव चाऱ्यातील असंतृप्त स्निग्धाम्लांना हायड्रोजन जोडून ती संतृप्त करतात, म्हणून या जनावरांच्या मांसात आणि दुधात संतृप्त चरबीचे प्रमाण मोठे असते. अशी चरबी आहारात जास्त झाली की रक्तातील एलडीएल (‘वाईट’ समजले जाणारे) कोलेस्टेरॉल खेचून घेणारे यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर मंदावतात, एलडीएलची पातळी वाढते आणि वर्षानुवर्षे ते धमन्यांच्या भिंतीत साचत जाते. म्हणजे लाल मांस आणि लोण्यासारखे स्निग्ध दुग्धपदार्थ कमी केले, तर एकाच बदलाने दोन्ही कामे होतात.

मात्र सगळीकडे असा मेळ बसत नाही. साखर आणि मैदा यांचे उत्सर्जन कमी असते, पण हृदयाला ते परवडत नाहीत. मिठाचा पर्यावरणावरचा भार नगण्य, पण रक्तदाबावरचा भार मोठा. पाम तेल दर हेक्टरी इतर कोणत्याही तेलपिकापेक्षा जास्त निघते, तरी त्यातली निम्मी चरबी संतृप्त असते आणि त्याच्या लागवडीसाठी उष्णकटिबंधीय जंगले तोडली गेली आहेत. मासे हृदयाला हितकारक, पण जगातील एक तृतीयांशाहून अधिक मत्स्यसाठ्यांची क्षमतेपलीकडे मासेमारी होत आहे. त्यामुळे ‘नैसर्गिक ते सारे चांगले’ किंवा ‘वनस्पतिजन्य ते सारे चांगले’ असे सूत्र धरून चालणाऱ्याची फसगत ठरलेली असते.

प्रमाणांचा एक ढोबळ आराखडा जानेवारी २०१९ मध्ये ईट-लॅन्सेट या आहार, आरोग्य आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या आयोगाने मांडला. वॉल्टर विलेट आणि योहान रॉकस्ट्रॉम यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगात १६ देशांतील ३७ शास्त्रज्ञ होते. रोजच्या २५०० कॅलरींच्या आहारासाठी त्यांनी सुमारे २३२ ग्रॅम अख्खी धान्ये, ३०० ग्रॅम भाज्या, २०० ग्रॅम फळे, ७५ ग्रॅम कोरडी कडधान्ये, ५० ग्रॅम कवचफळे (बदाम, अक्रोड इत्यादी), २५० ग्रॅम दूध किंवा त्याच्या समतुल्य पदार्थ, २८ ग्रॅम मासे, २९ ग्रॅम कोंबडीचे मांस आणि केवळ १४ ग्रॅम लाल मांस सुचवले. लाल मांसाचे हे प्रमाण आठवड्याला जेमतेम १०० ग्रॅम होते. या आराखड्यावर रास्त आक्षेपही घेतले गेले: २०२० च्या एका विश्लेषणानुसार जगातील निदान १५८ कोटी लोकांच्या उत्पन्नात हा आहार बसत नव्हता, आणि लोह, जस्त, कॅल्शियम व बी-१२ यांची त्यात कमतरता राहू शकते, असेही दाखवले गेले. तेव्हा हे आकडे दिशा दाखवणारे आहेत असे समजावे. ग्रॅमला ग्रॅम पाळण्याचा अट्टहास करू नये.

पहिली पायरी: आधी घरातली खपत मोजावी

ताटातल्या प्रत्येक घासाची नोंद ठेवणे बहुतेकांना झेपत नाही. त्यापेक्षा मीठ, तेल आणि साखर यांची नवी पिशवी ज्या दिवशी उघडली ती तारीख पिशवीवरच लिहावी, आणि संपल्यावर भागाकार करावा. चार माणसांच्या घरात १ किलो मीठ ३० दिवसांत संपले, तर माणशी रोज सुमारे ८.३ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे, आणि विकतच्या पदार्थांतले मीठ यात अजून धरलेलेच नाही. त्याच घरात ३ किलो साखर संपली, तर माणशी २५ ग्रॅम झाली. २००० कॅलरींच्या आहारात एकूण उष्मांकाच्या ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, ही त्या संघटनेने सुचवलेली अधिक कडक मर्यादा. म्हणजे बाहेरचे गोड पेय किंवा बिस्किट यांना जागाच उरत नाही. ५ लिटर तेलाचे वजन सुमारे ४.६ किलो भरते, म्हणजे माणशी ३८ ग्रॅम. हा आकडा वर दिलेल्या आराखड्यातील सुमारे ४० ग्रॅम असंतृप्त तेलाच्या जवळ जातो, मात्र बाहेरच्या तळलेल्या पदार्थांतले तेल त्यात आणखी मिळवावे लागते.

याच पायरीत दोन नोंदी आणखी कराव्यात: मांस, चीज, लोणी व क्रीम आठवड्यातून किती जेवणांत येतात, आणि टाकून दिलेले अन्न कोणते. रक्तदाब मोजून घ्यावा आणि उपाशीपोटी लिपिड (रक्तातील कोलेस्टेरॉल व चरबीची) तपासणी करून तो कागद जपून ठेवावा, कारण शेवटच्या पायरीत त्याची गरज लागणार आहे.

काही जणांनी आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना कडधान्ये, फळे व भाज्यांतले पोटॅशियम बाधू शकते. वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या एकाएकी वाढवू किंवा बंद करू नयेत. त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या काही स्टॅटिन औषधांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही. मधुमेहाची औषधे चालू असताना धान्यांचे प्रमाण बदलले तर मात्राही बदलावी लागू शकते. गर्भवती आणि दोन वर्षांखालील मुले यांना प्रौढांचे नियम लावू नयेत.

दुसरी पायरी: प्रथिनांची अदलाबदल

सर्वांत जास्त लाभ इथे आहे, म्हणून वेळ आणि उत्साह असेल तो आधी इथेच खर्च करावा. ११९ देशांतील ३८ हजारांहून अधिक शेतांची माहिती एकत्र करून जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १०० ग्रॅम प्रथिनांमागे सरासरी उत्सर्जन गोमांसासाठी सुमारे ५० किलो, मेंढीच्या मांसासाठी २०, चीजसाठी ११, कोंबडीसाठी ५.७, अंड्यांसाठी ४.२, टोफूसाठी (सोयाबीनच्या पनीरासाठी) २ आणि वाटाण्यांसाठी ०.४ किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य (म्हणजे सर्व हरितगृह वायूंचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या वजनात मोजून) इतके भरते. एका जेवणात २५ ग्रॅम प्रथिने धरली आणि आठवड्यातील तीन जेवणे गोमांसाऐवजी कडधान्यांवर आणली, तर वर्षाला जवळपास दोन टन उत्सर्जन वाचते. हे सरासरी आकडे आहेत आणि शेतागणिक त्यांत खूप फरक पडतो, हे खरेच. पण सर्वांत काटकसरीने वाढवलेले गोमांसही कडधान्यांच्या जवळपास येत नाही.

कडधान्यांचा पर्यावरणीय हिशेब इतका हलका का, याचे उत्तर मुळांवरच्या गाठींत आहे. त्या गाठींतले रायझोबियम जीवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला उपलब्ध करून देतात, त्यामुळे नायट्रोजनयुक्त खत फार कमी लागते. खतातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तीव्र असल्याने ही बचत मोठी ठरते. हृदयाच्या बाजूने पाहिले तर कडधान्यांत विद्राव्य तंतू असतात. ते आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, आणि नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. ७५ ग्रॅम कोरड्या मसुरातून साधारण १८ ग्रॅम प्रथिने आणि ८ ग्रॅम तंतू मिळतात. प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू सुचवले जातात, त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एवढ्यातच झाला.

प्रत्यक्ष बदल करताना सगळे मांस एका दिवसात बंद करण्यापेक्षा आठवड्यातले एक ठरलेले जेवण घ्यावे आणि ते पक्के झाले की दुसऱ्याकडे वळावे. खिमा किंवा रस्सा असलेल्या पदार्थात अर्धे मांस काढून तेवढ्याच प्रथिनांचे शिजवलेले मसूर किंवा बारीक केलेले चणे घातले, तर चवीत फारसा फरक जाणवत नाही आणि घरातला विरोधही मावळतो. दूध व दही माफक प्रमाणात चालू ठेवायला हरकत नाही; कमी करायचे ते लोणी, तूप, क्रीम आणि चीज. जो आधीपासूनच शाकाहारी आहे त्याच्यासाठी या पायरीचा खरा विषय हाच आहे, कारण शाकाहारी ताटातली संतृप्त चरबी बहुधा दुधाच्याच वाटेने येते. १०० ग्रॅम लोण्यात सुमारे ५० ग्रॅम संतृप्त चरबी असते, आणि २००० कॅलरींच्या आहारात अशा चरबीची दिवसाची मर्यादा साधारण २२ ग्रॅम आहे.

‘कडधान्ये पोटाला जड पडतात’ ही तक्रार खोटी नसते, पण तिच्यावर उपाय आहे. रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, ताज्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावे आणि पहिल्या पंधरवड्यात प्रमाण कमीच ठेवावे. आतड्यातील जीवाणूंना वाढत्या तंतूंशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. सालासकटच्या कडधान्यांपेक्षा सोललेल्या डाळींपासून सुरुवात केलेली बरी. राजम्याच्या बाबतीत मात्र एक खबरदारी टाळता येत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते, आणि अर्धवट शिजलेले मोजके दाणेही उलट्या-जुलाबाला पुरेसे ठरतात. किमान पाच तास भिजवून, पाणी बदलून, पूर्ण उकळीवर निदान १० मिनिटे आणि शक्यतो अर्धा तास उकळावे. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विद्युत भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नये. तिथले तापमान हे द्रव्य नष्ट करण्यास अपुरे पडते.

प्राणिजन्य पदार्थ कमी करताना दोन पोषक घटकांकडे लक्ष ठेवावे लागते. वनस्पतींतले लोह शरीर सहज शोषत नाही. जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची यांसारखा क जीवनसत्त्वाचा पदार्थ असावा आणि चहा-कॉफी जेवणानंतर निदान तासाभराने घ्यावी. दुसरा घटक बी-१२. वनस्पतिजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही, म्हणून दूध व अंडीही न घेणाऱ्यांनी पूरक गोळी किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ घेणे अनिवार्य आहे; यात मतभेदाला जागा नाही.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्याला एक-दोन वेळा आणि शक्यतो लहान, तेलकट मासे निवडावेत: तारली, बांगडा, मांदेली यांच्यासारखे. त्यांत ओमेगा-३ भरपूर असते, अन्नसाखळीत ते खालच्या पायरीवर असल्याने पारा कमी साठतो आणि त्यांना पकडायला इंधनही तुलनेने कमी लागते. शेतीतली कोळंबी मात्र टाळलेली बरी. तिच्या तळ्यांसाठी अनेक किनाऱ्यांवरची खारफुटी नष्ट झाली आहे. मासे न खाणाऱ्यांना जवस आणि अक्रोडातून ओमेगा-३ चा वनस्पतिजन्य प्रकार मिळतो, जरी शरीर त्याचे माशांतल्या प्रकारात रूपांतर थोड्याच प्रमाणात करते. जवस दळून खावे. अख्खे दाणे बहुतेक तसेच शरीराबाहेर पडतात.

तिसरी पायरी: तेल आणि चरबी

संतृप्त चरबीच्या जागी बहुअसंतृप्त तेले (सूर्यफूल, सोयाबीन यांसारखी) आणल्यास हृदयविकाराचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये चाचण्यांचा आढावा घेऊन काढला. त्याच आढाव्यात हेही नमूद आहे की ती जागा मैदा आणि साखरेने भरली तर असा लाभ मिळत नाही. सुरुवातीला म्हटलेली गोष्ट इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

तेल निवडताना बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला काही अर्थ नाही. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. पाहायचे ते संतृप्त चरबीचे प्रमाण. रेपसीड (कॅनोला) तेलात ते सुमारे ७ टक्के, सूर्यफुलात १०-११, ऑलिव्हमध्ये १४, सोयाबीनमध्ये १५, शेंगदाण्यात १७, पाम तेलात ५० आणि खोबरेल तेलात ८२ टक्क्यांहून अधिक असते. खोबरेल तेल वनस्पतिजन्य असूनही या बाबतीत लोण्याच्या पुढे आहे. ज्या भागात जे पीक चांगले येते त्याचे तेल, या यादीच्या पहिल्या पाचांत बसत असेल तर, निश्चिंतपणे वापरावे.

अंशतः हायड्रोजनेटेड (हायड्रोजन जोडून घट्ट केलेल्या) वनस्पती तेलातील ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि एचडीएल (‘चांगले’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल) घटवते. तिची सुरक्षित मात्रा अशी नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये तिच्यावर कायद्याने मर्यादा घातली, त्यानंतर अनेक देशांनी तोच मार्ग धरला. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ असे शब्द दिसले की ते पाकीट परत ठेवावे. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवणेही टाळावे.

बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांची रोज एक लहान मूठ हृदयाला उपकारक आहे. स्पेनमधील प्रेडिमेड या मोठ्या चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा कवचफळे वाढवलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. बदामाला पाणी फार लागते, म्हणून पाणीटंचाईच्या प्रदेशात पिकलेल्या बदामांपेक्षा शेंगदाणे किंवा बिया अधिक शहाणपणाच्या. कॉफीबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो: न गाळता उकळून केलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल उतरते आणि ते एलडीएल वाढवते. कागदी गाळणीत ते अडकते.

चौथी पायरी: धान्ये

इथे फार गुंतागुंत नाही. पांढऱ्या पिठाच्या जागी कोंड्यासकटचे पीठ, पॉलिश केलेल्या तांदळाच्या काही जेवणांच्या जागी ओट्स, बार्ली किंवा भरड धान्ये आणावीत. ओट्स आणि बार्लीतील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू रोज सुमारे ३ ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल थोडे पण निश्चितपणे उतरते. त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. पाणी साठवलेल्या शेतात भात पिकताना मातीत प्राणवायू उरत नाही आणि मिथेन तयार होतो, म्हणून तांदळाचे उत्सर्जन इतर धान्यांपेक्षा जास्त असते. तरीही मांसाच्या तुलनेत ते फार कमी आहे, त्यामुळे तांदूळ सोडण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. ‘मल्टिग्रेन’ या शब्दावर विसंबू नये. घटकांत पहिले नाव मैद्याचे असेल तर उरलेली धान्ये शोभेपुरती असतात.

पाचवी पायरी: मीठ

मिठाचा पर्यावरणाशी फारसा संबंध नसला तरी ही पायरी गाळता येणार नाही, कारण कडधान्ये आणि भाज्या चवदार करण्याच्या नादात मीठच वाढते असा अनुभव बऱ्याच घरांत येतो. पाकिटावर बहुधा सोडियम दिलेले असते, त्याला २.५ ने गुणले की मीठ निघते. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा ४० टक्के भाग एका लहान पाकिटात. डबाबंद कडधान्ये वापरायची झाल्यास चाळणीत ओतून नळाखाली नीट धुतली तरी सोडियम बरेच उतरते.

घरातले मीठ दर आठवड्याला थोडे थोडे कमी करावे. जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते, आणि एकदम कमी केले की मात्र मीठदाणी टेबलावर येते. आंबटपणा, मिरी, लसूण आणि भाजलेले मसाले मिठाची उणीव बऱ्यापैकी भरून काढतात. शिजताना मीठ घालण्यापेक्षा शेवटी घातले तर कमी मिठात तेवढीच चव लागते.

पोटॅशियमयुक्त मीठ हा आणखी एक प्रभावी पर्याय आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, गर्भवतींना आणि मुलांना तीतून वगळले. रक्तदाबाच्या काही औषधांनीही शरीरात पोटॅशियम साठते, म्हणून अशी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नये.

सहावी पायरी: भाज्या आणि फळे

रोज किमान ४०० ग्रॅम, हे प्रमाण सर्वज्ञात आहे; ते पुरे होत नाही, ही अडचण आहे. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी आधी भरायचा आणि मग बाकीचे वाढायचे, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेकांचे काम होते.

पर्यावरणाच्या बाजूने ‘जवळचे तेच चांगले’ हा समज अर्धाच खरा आहे. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच आहे, त्यामुळे जवळच्या गोठ्यातले मांस जहाजाने आलेल्या वाटाण्यापेक्षा पर्यावरणाला फार महाग पडते. अपवाद विमानाने येणाऱ्या मालाचा. जे फळ किंवा भाजी नाशवंत आहे, दूरच्या देशातून आलेली आहे आणि तरीही अगदी ताजी दिसते, ती बहुधा विमानाने आलेली असते. थंड प्रदेशात तापवलेल्या हरितगृहात वाढवलेले टोमॅटोही उन्हात वाढून दुरून आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खातात. हंगामानुसार घ्यावे या सल्ल्यामागे हे कारण आहे. गोठवलेल्या भाज्यांना कमी लेखू नये. काढणीनंतर काही तासांत गोठवल्याने त्यांतली पोषकता बरीचशी टिकते आणि त्या वायाही जात नाहीत.

सातवी पायरी: वाया जाणारे अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले ६० टक्के घरांतून गेले. कचराभूमीत दबलेल्या अन्नापासून पुन्हा मिथेनच तयार होतो. आहार सुधारण्याच्या सुरुवातीच्या उत्साहात हा प्रश्न वाढतो, कारण पिशव्या भरून पालेभाज्या येतात आणि त्यांतल्या निम्म्या पिवळ्या पडून बाहेर जातात.

उपाय साधे आहेत. फ्रिजचे तापमान ४ ते ५ अंशांवर ठेवावे. खरेदीला निघण्यापूर्वी फ्रिज उघडून पाहावा, आणि आतले काय आधी संपवायचे ते वरच्या कप्प्यात पुढे आणून ठेवावे. पालेभाज्या आणल्या त्या दोन दिवसांत आणि कोबी, गाजर, भोपळा नंतर, असा क्रम लावावा. पालेभाजी धुवून पूर्ण निथळून कोरड्या कापडात गुंडाळली की ती जास्त टिकते. ओलसर पिशवीत दुसऱ्याच दिवशी चिकट होते. कडधान्ये एकदाच जास्त शिजवून एका जेवणापुरत्या डब्यांत गोठवावीत: दोन तासांच्या आत थंड करून डबे आत जायला हवेत. यामुळे इंधनही वाचते, आणि थकलेल्या संध्याकाळी बाहेरून मागवण्याचा मोह आवरतो. भिजवणे, झाकण ठेवणे आणि प्रेशर कुकर वापरणे या तिन्हींनी कडधान्यांमागचा इंधनखर्च बराच उतरतो.

आठवी पायरी: पाकिटावरच्या शब्दांपासून सावध राहणे

‘वनस्पतिजन्य’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले बर्गर, चीज आणि नाश्त्याचे पदार्थ उत्सर्जनाच्या दृष्टीने मांसापेक्षा निश्चित हलके असतात, पण त्यांतल्या अनेकांत खोबरेल किंवा पाम तेल आणि भरपूर मीठ असते. मांसाची सवय सुटेपर्यंत अधूनमधून त्यांचा आधार घ्यायला हरकत नाही. रोजचे अन्न म्हणून ते कडधान्यांची जागा घेऊ शकत नाहीत. १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपेक्षा जास्त संतृप्त चरबी किंवा दीड ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असेल, तर तो पदार्थ क्वचित खाण्याचा समजावा. फळांचा रसही याच वर्गात मोडतो: तंतू गाळून टाकल्यावर उरते ती बहुतांशी साखर, आणि जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेची गणना मर्यादित ठेवायच्या साखरेतच करते.

नववी पायरी: तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी

आहारातल्या बदलाचा कोलेस्टेरॉलवरचा परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतो, म्हणून सुमारे तीन महिन्यांनी लिपिड तपासणी पुन्हा करावी आणि पहिल्या कागदाशी ताडून पाहावी. रक्तदाब त्याहून लवकर बदलतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश चाचणीत फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर आधारलेल्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब केवळ आठ आठवड्यांत सरासरी ११.४ मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) उतरला होता. असा उतार दिसला तरी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. नोंदी डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि मात्रा त्यांना ठरवू द्यावी.

आकडे हलले नाहीत तर आधी मीठ-तेल-साखरेच्या पिशव्यांवरच्या तारखा पुन्हा पाहाव्यात, कारण जुनी सवय बहुधा तिथूनच परत शिरलेली असते. हिशेब ठीक असूनही एलडीएल दर डेसिलिटर १९० मिलिग्रॅमच्या वर राहत असेल, तर ते आनुवंशिक असण्याची शक्यता असते आणि तिथे आहार एकटा पुरत नाही. अशा वेळी औषधोपचाराला उशीर करू नये, आणि आई-वडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी करून घ्यावी.